लोकं जेवाचे हायेत अजून

"हलू नका ना आत्याबाई, काटा थांबू द्या," साधना म्हणाली.

"मी कुठी हलून राह्यली? तुहा काटाच हलून राह्यला," रुखमाबाई लुगडं सावरत म्हणाली. "अन् मले काय रुईची गाठ समजली का वं? जथी कापूस मोजतात, तथी सासूले उभी करून राह्यली!"

जिनिंगच्या आवारात बसलेली माणसं खो खो हसली. रुखमाबाईसुद्धा हसली. मग आपण का हसलो हे विसरून ती लोखंडी पाट्यावर तशीच उभी राहिली आणि समोरच्या पत्र्याच्या शेडकडे पाहू लागली.

नेरच्या कापूस बाजारासमोरच्या या जिनिंगमध्ये साधनाचा नवरा धर्मपाल गाठी बांधायच्या प्रेसवर कामाला होता. महिन्याच्या पहिल्या रविवारी, काम बंद असताना, मोठ्या काट्यावर आईचं वजन करायची परवानगी त्याने मुनीमजींकडून मिळवली होती. दुसरा इलाजच नव्हता. साधना अंगणवाडी सेविका. तिच्याकडचा काटा पोरांना झोळीत बसवून टांगायचा. त्यात सासूचा एक पायसुद्धा मावला नसता. आणि दवाखान्यातल्या काट्यावर रुखमाबाई पहिल्यांदा चढली तेव्हा त्याची सुई जी एका टोकाला जाऊन बसली, ती परत यायलाच तयार नव्हती.

"चौऱ्याहत्तर!" धर्मपालने आकडा वाचला.

आवारातल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. दीड वर्षापूर्वी हाच आकडा एक्क्याण्णव होता. साधनाने पिशवीतून वही काढली, तारीख टाकली, एप्रिल २००८, आणि चौऱ्याहत्तरच्या जागी ठिपका दिला. अंगणवाडीत ती प्रत्येक पोराच्या वजनाची रेघ काढायची, तशीच तिने सासूची काढली होती. रेघ सरळ खाली येत होती. साधनाला त्या रेघेचा मनातून फार अभिमान होता आणि तो तिने लपवलाही नव्हता.

टाळ्या न वाजवणारा एकच माणूस होता, तो म्हणजे उकंडा. चाळीस वर्षं याच बाजारात हमाली केलेला, आता काम नसलं तरी रोज येऊन बसणारा. तो उठून साधनाजवळ आला.

"सूनबाई, एक बोलू का? राग नोको धरजो."

"बोला ना."

"ओला कापूस वाळला का हलका होते, थे मले समजते. पर मावशीचं थे नाई वाटत मले. थो जीवच कमी होऊन राह्यला तिचा."

साधनाला राग आलाच. ती म्हणाली, "उकंडाभाऊ, डॉक्टरनं सांगतलं तसं करून राह्यली मी. शुगर पाहा किती खाली आली त्यायची."

उकंडा परत आपल्या जागी जाऊन बसला. ज्याच्या पाठीने जन्मभर वजनं उचलली, त्याला वजनातलं कळतं, हे साधनाला त्या दिवशी सुचलं नाही.

*

बाजाराच्या फाटकासमोर तीस वर्षं रुखमाबाईची खानावळ होती. पाटी नव्हती, नाव नव्हतं. 'मावशीकडे' म्हटलं की पुरे. नवरा लवकर गेला, धर्मपाल पदरात, आणि हाताला एवढीच कला. हमाल, गाडीवान, मॅटॅडोरवाले दुपारी ओळीने बसायचे. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, वांग्याची भाजी, ठेचा. कोण कुठल्या जातीचा, हे ज्याला बघायचं असेल त्याने दुसरीकडे जेवावं, असं ती पहिल्याच दिवशी सांगून मोकळी व्हायची. जे आले ते राहिले, कारण तसं वरण दुसरीकडे मिळत नव्हतं.

तिचा एक नेम मात्र कडक होता. शेवटचा माणूस हात धुऊन उठल्याशिवाय ती तोंडात घास घालायची नाही. मग चार वाजोत की पाच. गर्दी जास्त झाली तर भांड्याला लागलेलं खरवडून त्यावर गुळाचा खडा. गर्दी कमी झाली तर चार माणसांचं उरलेलं एकटी संपवायची, कारण अन्न टाकणं तिला ठाऊकच नव्हतं. अशी तीस वर्षं. अंग सुटत गेलं, आणि मावशी म्हणजे अशीच असायची असं बाजाराने धरून चाललं.

साधना लग्न होऊन आली तो दिवस तिला लख्ख आठवायचा. नवी नवरी कोपऱ्यात बसली होती. रुखमाबाईने तिला उठवलं आणि हमालांच्या ओळीत पाटावर बसवून ताट वाढलं. साधना लाजेने अर्धमेली. "अवो, तुमी जेवा आंधी," ती पुटपुटली.

"माह्या खानावळीत सून उपाशी नाई राहत," रुखमाबाई म्हणाली होती. "तू जेव. तू जेवली का मंग मी जेवतो."

मग कापसाचे दिवस फिरले. भाव पडले, बाजारात माल येईना, आला तो व्यापारी गावातूनच उचलू लागले. त्या वर्षांत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांपायी जिल्ह्याचं नाव वर्तमानपत्रात रोज छापून यायचं आणि ते वाचायची कुणाला हौस नसायची. हमाल पांगले. खानावळीत तीन माणसं येऊ लागली, मग एक, मग कुणीच नाही. रुखमाबाई घरी बसली. हात थांबले, खाणं थांबलं नाही. पाय सुजले, साखर निघाली. वरणात मीठ दोनदा पडू लागलं. एकदा ती बाजारातून घरी यायची ती थेट बस स्टँडवर जाऊन बसली. म्हातारपण म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं.

सोडून देता येणार नाही, हे कळलं ते बुद्ध पौर्णिमेला. विहारात खीर वाटली जात होती. खीर रुखमाबाईच्याच हातची. तिने वाटी घेतली, खाल्ली, रांगेत परत उभी राहिली. पुन्हा खाल्ली, पुन्हा उभी. पाचव्या वेळी वाढणारा पोरगा हसला तेव्हा ती कळवळून म्हणाली, "काहून हासतं रे? सकाळपासून उपाशी हावो मी." लोक हसले. साधनाने सासूचे डोळे पाहिले. म्हातारी खोटं बोलत नव्हती.

यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. मग त्या दोघांना समोर बसवून म्हणाल्या, "विसरण्याचा हा आजार आहे, अल्झायमर्स म्हणतात. बरा होणार नाही. पण एक सांगते. मेंदूलाही काम करायला साखरच लागते, चुलीला लाकूड लागावं तशी. वर्षानुवर्षं वजन जास्त राहिलं, रक्तात साखर साठत गेली, म्हणजे ती अंगाला नीट वापरता येत नाही. या आजारात मेंदूलाही ती वापरता येईनाशी होते. या दोन्हींचं काहीतरी नातं आहे. किती आणि कसं, ते आम्हीही अजून शोधतोच आहोत. वजन आणि साखर ताब्यात ठेवणं तेवढं आपल्या हातात आहे. दर तीन महिन्यांनी दाखवायला आणा."

एवढ्या बोलण्यातला 'आपल्या हातात' हाच शब्द साधनाने गाठीला बांधला. जे हातात आहे ते ती सोडणारी नव्हती. घरातली गूळ-साखर शेजारी गेली. भात बंद, भाकरी दोनच, पालेभाजी भरपूर, जवसाची चटणी, आणि रोज सकाळी बाजाराच्या फाटकापर्यंत चालणं. रुखमाबाईने जोरदार बंड केलं. उशीच्या खोळीत गुळाचा खडा सापडला, तो काढला तर पिठाच्या डब्यात दुसरा निघाला. "उपाशी मारून राह्यली मले हे पोरगी!" असं ती गल्लीभर सांगायची, आणि गल्ली साधनाकडे तसं बघायची. साधनाने ते सगळं सोसलं. पहाटे उठून दोन स्वयंपाक, सासूचा आणि घरचा. मग अंगणवाडी, पोरांची खिचडी, घरभेटी. स्वतः ती उभ्याउभ्या काय खायची आणि कधी, याचा हिशेब कुणीच ठेवला नव्हता. वजनाच्या वहीत तिचं नाव नव्हतं.

वर्षभरात बंड आपोआप थंडावलं. ताट समोर ठेवलं की रुखमाबाई स्वतःच बाजूला सारायची. "राहू दे, लोकं जेवाचे हायेत अजून," म्हणायची. साधनाला वाटलं, सवय लागली. तिने कौतुकाने नवऱ्याला सांगितलं, "पाहा, आत्याबाईच आता कमी खातात." आणि वजन इतकं छान उतरत असताना एक दिवसाची सुट्टी मोडून यवतमाळला कशाला जायचं, म्हणून तिसऱ्या महिन्याची फेरी चुकली, मग सहाव्याचीही.

*

जिनिंगमधल्या त्या टाळ्यांनंतर दोन महिन्यांनी अंगणवाडीत जमनी आपल्या नातीला घेऊन आली. पोरीला झोळीत बसवलं, काटा पाहिला, साधनाने ठिपका दिला. मागच्या महिन्यापेक्षा खाली. त्याच्या मागच्या महिन्यापेक्षाही खाली.

"जमनीबाई, हे पाह्य. हे रेघ खाली येऊन राह्यली."

"खाते ना बाई थे. ताट देतो मी रोज."

"ताट देनं अन् पोटात जानं एक हाय का? तू जवळ बसून पाह्यते का, किती खाते थे?" साधनाचा आवाज चढला. "दोन महिने सारखं वजन उतरलं म्हंजे पोरगी बिमार हाय असं समजाचं. रेघ खाली आली का घरी जाऊन पाहाचं, हेच तं शिकवलं आमाले..."

बोलता बोलता ती थांबली. जमनी तिच्याकडे बघत राहिली. साधनाचा हात पिशवीतल्या दुसऱ्या वहीवर गेला होता. तिने ती उघडली. मधले ठिपके सोडत तिची नजर उतरत गेली: एक्क्याण्णव, अठ्ठ्याऐंशी, चौऱ्याऐंशी, एकोणऐंशी, चौऱ्याहत्तर, एकोणसत्तर, सहासष्ट. ही रेघ कुणा दुसऱ्या घरातल्या पोराची असती तर ती अर्ध्यातच धावत गेली असती.

"काय झालं वं बाई?" जमनीने विचारलं.

"काही नाई," साधना म्हणाली. "मी बी पाह्यलं नाई माय, जवळ बसून."

दुसऱ्याच दिवशी ती सासूला घेऊन यवतमाळला गेली. डॉक्टरीणबाईंनी वही उलटसुलट पाहिली.

"आधी वजन उतरवलंत ते बरोबरच होतं. आता गोष्ट बदलली," त्या म्हणाल्या. "हा आजार पुढे गेला की अंग आपोआप झडायला लागतं. भूक लागल्याचा निरोपच पोचत नाही. आता वजन उतरणं म्हणजे तब्येत सुधारणं नव्हे. पथ्य सैल करा, साखरेची गोळी मी कमी करून देते. त्या खातील ते खाऊ द्या. हे वजन इथंच थांबवायला हवं, नाहीतर अंगात ताकदच उरणार नाही."

"मॅडम, मी उपाशी मारलं का हो यायले?" साधनाने विचारलं.

"फेऱ्या चुकवल्या, ते चुकलंच," डॉक्टरीणबाई स्पष्ट म्हणाल्या. मग त्यांनी वहीवर बोट ठेवलं. "पण माझ्याकडे येणाऱ्यांपैकी असा महिन्या-महिन्याचा कागद कुणीच आणत नाही. या वहीमुळेच मला कळलं. आता ही रेघ आडवी करून दाखवा."

रेघ आडवी करणं सोपं नव्हतं. साधनाने तुपात कुस्करलेली भाकर केली, वरण-भात केला, ज्या गुळासाठी भांडणं झाली तो गूळ स्वतःच्या हाताने समोर ठेवला. रुखमाबाईने ताट सारलं. "लोकं जेवाचे हायेत अजून." साधनाने घास तोंडाशी नेला, तर तिने ओठ घट्ट मिटले आणि रागाने पाहिलं, जणू कुणी तिला चोरी करायला सांगत होतं. चार दिवस असेच गेले. रुखमाबाईच्या हातातली पाटली मनगटावरून वर सरकू लागली.

पाचव्या दिवशी धर्मपाल हताश होऊन म्हणाला, "माय, कोनते लोकं वं? कोनी नाई आता. खानावळ बंद होऊन तीन वर्सं झाले."

रुखमाबाईने मुलाकडे परक्यासारखं पाहिलं. "फाटकाकडं पाह्य ना बापा," ती समजुतीने म्हणाली. "येऊन राह्यले असतीन."

आणि साधनाला एकदम उलगडलं. ही सवय नव्हती, पथ्य नव्हतं, हट्ट तर मुळीच नव्हता. म्हातारीचं सगळं गेलं होतं, मुलाचं नाव गेलं होतं, घराचा रस्ता गेला होता. नेम तेवढा राहिला होता. कित्येक महिने ती रोज दुपारी लोकांची वाट बघत उपाशी बसत होती, आणि आपण कौतुकाने वजन लिहीत होतो.

साधना तशीच उठली. पायात चप्पल अडकवून बाजाराच्या फाटकाशी गेली. उकंडा लिंबाखाली बसला होता.

"उकंडाभाऊ, तुमी त्या दिवशी खरं बोलले होते," ती म्हणाली. "आता एक काम करा माह्यं. उद्या दुपारी जेवाले या. जुने जेवढे असतीन तेवढे घेऊन या."

तिने सगळं सांगितलं. उकंडाने ऐकून घेतलं, टोपी काढून परत घातली.

"येतो," तो म्हणाला. "पर भाकर आमी आमची आनू. तू फकस्त वरन करजो."

"असं कसं भाऊ?"

"असंच. तिनं तीस वर्सं खाऊ घातलं, तं एक भाकर घरून आनता नाई येत का आमाले?"

*

दुसऱ्या दिवशी बरोबर साडेबाराला सात म्हातारे दारात उभे राहिले. उकंडा होता, मॅटॅडोर चालवणारा उत्तमसिंग होता. बाकीचे पूर्वीचे हमाल, आता कुणी शेळ्या राखणारे, कुणी नुसतेच घरी. प्रत्येकाच्या हातात फडक्यात बांधलेली भाकर होती. त्यांनी रीतसर हातपाय धुतले आणि ओसरीत ओळीने मांडी घातली. धर्मपालनेही शेवटी बसून घेतलं.

"मावशी, भूक लागली वं!" उकंडाने नेहमीच्या आवाजात हाक दिली.

आतल्या खोलीत बसलेल्या रुखमाबाईने मान वर केली. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मग ती भिंतीला धरून उठली. साधना आधार द्यायला धावली, तर तिने हात झटकला. पदर खोचला, वरणाची बादली उचलली आणि पळी हातात घेतली. पळी धरताच तिचा थरथरणारा हात स्थिर झाला. साधनाने तोंडावर पदर धरला.

रुखमाबाईला एकाचंही नाव आठवत नव्हतं. पण वाढताना ती चुकली नाही. उत्तमसिंगसमोर तिने वरण दोनदा वाढलं, कारण तो पहिलं वरण नुसतंच पितो. एकाच्या भाकरीवर तिने मीठ ठेवलं. साधना ठेच्याची वाटी घेऊन उकंडाकडे वळली तशी ती ओरडली, "याले नोको देऊ! याच्या पोटात आग पडते."

उकंडा खाली मान घालून जेवू लागला.

एकेक जण उठला, हात धुऊन आला. रुखमाबाई प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होती.

"झालं का रे समद्यायचं?" तिने विचारलं.

"झालं मावशी, पोट भरलं," सगळे एकदम म्हणाले.

साधनाने तयार ठेवलेलं ताट पुढे केलं. तुपात कुस्करलेली भाकर, वरण, बाजूला गुळाचा खडा. रुखमाबाई ताटापाशी बसली. तिने घास उचलला, तोंडाशी नेला आणि परत ठेवला.

"काहून माय?" धर्मपाल कासावीस होऊन म्हणाला. "समदे जेवले ना वं!"

रुखमाबाई साधनाकडे बघत होती. त्या नजरेत ओळख नव्हती. पहाटेपासून उभी असलेली, गालाची हाडं वर आलेली, वाळलेल्या अंगाची एक बाई तिला दिसत होती.

"हे पोरगी कोनाची हाय?" तिने उकंडाला विचारलं. "सकाळपासून राबून राह्यली. जेवली का थे?"

धर्मपालने बायकोकडे पाहिलं, आणि मग त्याला तिच्याकडे बघवेना.

"मी जेवतो मंग, आत्याबाई," साधना म्हणाली. "तुमी घ्या आंधी."

"बस तथी," रुखमाबाईने ओळीतली रिकामी जागा दाखवली. "माह्या खानावळीत कोनी उपाशी नाई राहत. तू जेव. तू जेवली का मंग मी जेवतो."

सात म्हातारे सरकले. साधना त्यांच्या ओळीत मांडी घालून बसली. उकंडाने आपल्या फडक्यात उरलेली अर्धी भाकर तिच्या पुढ्यातल्या रिकाम्या ताटात ठेवली, रुखमाबाईने त्यावर वरण ओतलं. साधना जेवू लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात रिकामा नव्हता. पळी हातात धरून रुखमाबाई समोर बसली होती आणि एकेक घास नजरेने मोजत होती. अर्ध्यावर साधनाचा हात थांबला तर तिने पळीने ताटाकडे खूण केली.

भाकर संपली. अंगणवाडीतल्या पोरांना रिकामं ताट दाखवायला सांगायची, तसं साधनाने आपलं ताट उचलून, तिरकं करून सासूला दाखवलं. त्यात काहीच उरलेलं नव्हतं.

रुखमाबाईने नीट निरखून पाहिलं. मग पळी बादलीत ठेवली, पदराला हात पुसला आणि स्वतःचं ताट जवळ ओढलं.